प्रस्तावना : दोन प्रश्न घेऊन मज्जासंस्थेकडे

मज्जासंस्थेवरचे पुस्तक हाती घेणारा वाचक बहुधा दोनपैकी एका कारणाने आलेला असतो. एक तर तो नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद नाहीतर एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात असतो आणि एवढी नावे पाठ कशी व्हायची, या विचाराने त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. किंवा मग घरातल्या कोणाचा तरी एमआरआय झालेला असतो, रिपोर्टवर दाट इंग्रजी मजकूर असतो आणि डॉक्टरांनी सांगितलेल्यातले निम्मे डोक्यावरून गेलेले असते. दोघांचेही स्वागत आहे, आणि दोघांनाही आरंभी सांगायचे ते एकच : या विषयात पाठांतर नंतर येते, आधी दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी लागते. निरोप कुठून कुठे जातो, हा पहिला प्रश्न. एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे तो पोचतो कसा, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरात शरीररचना येते, दुसऱ्याच्या उत्तरात शरीरक्रिया. मज्जासंस्थेचा आजार असो, औषध असो की तपासणी असो, हे दोन प्रश्न विचारले की तिची जागा बहुतेक वेळा सापडते.

हे पुस्तक दिल्लीत, करोल बागेत बसून लिहिले आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तम उदाहरणे या वस्तीत हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणून प्रस्तावनेपुरते इथल्याच गल्ल्यांत हिंडू.

बीडनपुरा, रेगरपुरा या भागांत दागिने घडवणाऱ्यांच्या खोल्या एकमेकींना खेटून आहेत. सोने-चांदी गाळून शुद्ध करायची, म्हणजे गलाईची कामे करणाऱ्यांत सांगली-साताऱ्याकडची मराठी माणसे आहेत. विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणाच्या पट्ट्यातून ही मंडळी गलाईचा धंदा घेऊन देशभर पांगली, त्यातली काही इथे स्थिरावली. त्यांच्यापैकी एकाचा हात पाहू. भट्टीतून लालबुंद मूस चिमट्याने उचललेली आहे, आत वितळलेले सोने आहे, आणि ते साच्यात ओतायचे आहे. तेवढ्यात एक ठिणगी उडून हाताच्या पाठीवर पडते.

त्वचेतल्या ज्या टोकांना ही उष्णता कळते, ती टोके असलेली पेशी हातात नसते. तिचे मुख्य अंग मानेजवळ, मज्जारज्जूच्या लगत एका लहानशा गाठीत असते. हातापर्यंत पोचलेला असतो तो तिचा लांबच लांब धागा. या धाग्यावरून निरोप सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने मानेकडे धावतो आणि मागच्या बाजूने मज्जारज्जूत शिरतो. तिथे मधल्या पेशी तो घेतात आणि पुढच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रेरक पेशींना देतात. दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो, त्याच क्षणी मागच्या स्नायूला सैल पडायची सूचना मिळते, आणि हात मागे येतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया. 'भाजले' ही जाणीव त्यानंतरची, कारण त्यासाठी निरोपाला मज्जारज्जूत बाजू बदलून, वर चढून, थॅलॅमसमार्गे मोठ्या मेंदूच्या कवचापर्यंत जावे लागते. मग साधारण सेकंदभराने दुसरी, रेंगाळणारी आग सुरू होते. तिचे धागे वेगळे असतात. ते फार बारीक असतात, त्यांच्यावर मायलिनचे वेष्टन नसते आणि त्यांचा वेग सेकंदाला मीटरभर. हातापासून मानेपर्यंतचे अंतरही तेवढेच. चटका आधी आणि आग नंतर, हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. त्याचे कारण दोन धाग्यांच्या वेगातला फरक हे आहे.

पण आपला गलाईवाला हात मागे घेत नाही. मूस खाली पडली तर सोने तर जाईलच, पायही भाजतील. तो दात घट्ट आवळून मूस धरून ठेवतो, सोने साच्यात ओततो आणि मगच हात झटकतो. शाळेच्या पुस्तकात 'प्रतिक्षिप्त क्रियेत मेंदूचा सहभाग नसतो' असे वाक्य असते. ते अर्धेच खरे आहे. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे दुसरे निरोप त्या क्रियेला आवर घालू शकतात, आणि सरावाने हा आवर पक्का होतो. मज्जासंस्थेत खालचे मजले आणि वरचे मजले सतत एकमेकांशी बोलत असतात, ही या अभ्यासातली पहिली मोठी शिकवण.

त्याच काही क्षणांत बाकीची मज्जासंस्थाही कामात असते. साच्याच्या तोंडाकडे लागलेल्या डोळ्यांचे निरोप डोक्याच्या मागच्या भागात वाचले जात असतात. धार हलू नये म्हणून लहान मेंदू प्रत्येक स्नायूचा ताण क्षणोक्षणी दुरुस्त करत असतो. अंगाला घाम फुटलेला असतो, छाती धडधडत असते; ही कामे स्वायत्त मज्जासंस्थेच्या अनुकंपी शाखेची, माणसाने न सांगता चाललेली. काम आटोपून तो भाकरी खायला बसला की परानुकंपी शाखा पुढे होते, नाडी उतरते, लाळ सुटते, पोटाचे काम सुरू होते.

आता नकाशा काढणे सोपे आहे. कवटी आणि पाठीचा कणा यांच्या हाडांत जपून ठेवलेली ती मध्यवर्ती मज्जासंस्था, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू. तिच्यातून निघून सर्वांगात पसरलेली ती परिघीय मज्जासंस्था : मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्या आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या 31 जोड्या. मेंदूचे वजन 1300 ते 1400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे 2 टक्के. पण माणूस स्वस्थ बसलेला असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे 20 टक्के वाटा तो घेतो. त्यात मज्जापेशी किती, याचे चांगले उत्तर 2009 साली ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मोजणीतून मिळाले : सुमारे 8600 कोटी. त्यातल्या जवळपास 6900 कोटी एकट्या लहान मेंदूत आहेत. वजनाने मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा असलेल्या या भागात एवढी दाटी आहे. धार न हलू देता ओतणे हे काम वाटते तेवढे साधे नाही, हे यावरून लक्षात यावे.

मज्जारज्जूबद्दल एक गोष्ट नातेवाइकांसाठी मुद्दाम सांगतो. 'पाठीतले पाणी काढायचे आहे' असे डॉक्टर म्हणाले की घरचे हबकतात; सुई मज्जारज्जूत घुसेल आणि माणूस अधू होईल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू जेमतेम 45 सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. सुई जाते ती त्याच्या बरीच खाली, जिथे द्रवात तरंगणारे सुटे मज्जातंतू असतात आणि सुईच्या टोकाने ते सहसा बाजूला सरकतात. रचना माहीत असणे म्हणजे काय, याचा हा रोकडा उपयोग.

पहिल्या प्रश्नाचा आणखी एक धडा याच गल्ल्यांत मिळतो. दिवसभर मनगट वाकवून बारीक काम करणाऱ्या माणसाला रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. तो हात झटकतो, बरे वाटते, पुन्हा झोपतो. जाणत्या डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो : करंगळीला मुंग्या येतात का? अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अलीकडची अर्धी बाजू बधिर होते आणि करंगळी शाबूत राहते, तर दोष बहुधा मनगटात आहे. तिथे हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून मीडियन मज्जातंतू जातो आणि तो दाबला जातो. करंगळीचा अल्नर मज्जातंतू त्या बोगद्याच्या बाहेरून जातो, म्हणून तो सुटतो. उलट करंगळीच बधिर झाली तर कोपराकडे पाहायचे. दोन्ही हातांची बोटे बधिर, चालही अडखळती, तर मानेकडे. यंत्र लावण्याआधी, नुसत्या विचारपूस आणि तपासणीतून दोषाची जागा ठरवणे ही मज्जाविकारशास्त्राची जुनी आणि अजूनही ताजी कला. शरीररचना पाठ असलेल्यापेक्षा ती वापरता येणारा विद्यार्थी इथे पुढे जातो.

आता दुसरा प्रश्न. निरोप मज्जापेशीतून जातो म्हणजे नेमके काय होते? विजेच्या तारेत जसा प्रवाह वाहतो तसे इथे होत नाही. स्वस्थ मज्जापेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. निरोप आला की पेशीच्या आवरणातली सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो, त्या जागी विद्युत्‌भार क्षणभर उलटतो. मग पोटॅशियम बाहेर पडून तो पूर्ववत होतो. तोवर शेजारची दारे उघडलेली असतात. असा हा उलटापालटीचा टप्पा पुढे पुढे सरकतो. मायलिनचे वेष्टन असलेल्या धाग्यांत तो वेष्टनातल्या एका खाचेवरून थेट पुढच्या खाचेवर उडी घेतो आणि वेग सेकंदाला 120 मीटरपर्यंत जातो. केंब्रिजच्या हॉजकिन आणि हक्सले यांनी माखलीच्या जातीतल्या स्क्विडच्या जाडजूड मज्जातंतूवर प्रयोग करून 1952 साली हे गणितात मांडले. 1963 साली त्यांना नोबेल मिळाले.

पण धागा संपल्यावर पुढे काय? या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद झाला. इटलीच्या गोल्जी यांच्या मते सगळ्या मज्जापेशी एकमेकींत मिसळून एकच अखंड जाळे होते. स्पेनच्या काहाल यांनी गोल्जींचीच रंगवण्याची पद्धत वापरून दाखवले, की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. 1906 चे नोबेल दोघांना एकत्र मिळाले, तरी मत कोणी बदलले नाही. पुढे काहाल बरोबर ठरले. दोन पेशींमध्ये 20 ते 40 नॅनोमीटरची फट असते. ती पार करायला निरोप बहुतेक ठिकाणी रसायनाचे रूप घेतो, हे ऑटो लोवी यांनी 1921 साली बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवले. एका हृदयाचा व्हेगस मज्जातंतू उत्तेजित करून त्याची गती मंदावली, त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, आणि दुसरेही मंदावले. मज्जातंतूच्या टोकातून द्रवात काहीतरी पाझरले होते. ते ॲसिटिलकोलिन होते.

आणि इथून पुन्हा करोल बाग. 1921 सालीच, 13 फेब्रुवारीला, इथल्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्‌घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. संस्थापक हकीम अजमल खान. आज ज्या अजमल खान रोडवर लोक साड्या आणि सुटकेसचा भाव करतात, तो रस्ता त्यांच्याच नावाचा. जुन्या वैद्यकातली औषधे नव्या रसायनशास्त्राच्या कसोटीवर पारखली जावीत, ही त्यांची इच्छा होती. जर्मनीत शिकून आलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांच्या हाती तिब्बियाची संशोधनशाळा आली आणि त्यांनी सर्पगंधेची मुळी घेतली. सह्याद्रीच्या ओलसर रानातही उगवणारी ही वनस्पती. उत्तरेकडे ती वेडावरचे औषध म्हणून ओळखली जाई.

1931 साली सिद्दीकींनी या मुळीतून निरनिराळी क्षारद्रव्ये वेगळी केली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' असे नाव दिले. हकीमसाहेब 1927 च्या डिसेंबरात वारले होते. त्याच 1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि वेड या दोन्हींवर सर्पगंधेचा उपयोग होतो, असे लिहिले. 1949 साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातले रेसर्पिन वेगळे केले.

रेसर्पिन करते काय? मज्जातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत डोपामिन, नॉरॲड्रेनलिन, सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायने भरून ठेवलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरू देत नाही. साठा आटतो. निरोप धाग्याच्या टोकापर्यंत येतो, पण फट ओलांडायला रसायन उरलेले नसते. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, माणूस शांत होतो. काहींच्या बाबतीत तो इतका शांत होतो, की त्याला खिन्नता ग्रासते. नैराश्याचा मेंदूतल्या रसायनांशी काही संबंध असावा, या विचाराला चालना मिळाली ती अशाच अनुभवांवरून.

1957 साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे जागच्या जागी निश्चल झाले. मग त्यांना एल-डोपा दिले, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवते ते द्रव्य, आणि ससे उठून हिंडू लागले. डोपामिन हे स्वतंत्र संदेशवाहक आहे आणि हालचालींशी त्याचा संबंध आहे, हे यातून पुढे आले. 1960 साली व्हिएन्नात कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत, खोलवर असलेल्या हालचालींच्या केंद्रात डोपामिन फार कमी आढळले. पुढे एल-डोपा हे कंपवाताचे प्रमुख औषध झाले, आणि आजही आहे. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळाले. आपल्याकडची खाजकुइली आठवते ना? तिच्या बियांत हेच एल-डोपा असते, हे मद्रासमधल्या संशोधकांनी 1937 मध्येच दाखवले होते.

अजमलिनचे काम वेगळे. ते सोडियमच्या दारांना अडवते, म्हणजे फटीच्या आधी, निरोपाच्या प्रवासातच अडथळा आणते. त्याचा उपयोग हृदयासाठी होतो : ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा, अचानक मृत्यू घडवू शकणारा दोष ईसीजीत लपून बसला असेल, तर तो उघडा पाडण्यासाठी अजमलिन टोचून पाहतात. एकाच मुळीतून आलेली दोन द्रव्ये. एकाने दारे कळतात, दुसऱ्याने फट. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही, आणि त्याची सुरुवात या वस्तीतल्या एका संशोधनशाळेत झाली.

मात्र या कथेचा अर्थ कोणी 'आपल्याकडे सगळे आधीच होते' असा काढू नये. मुळीचा गुण परंपरेला माहीत होता. तो कोणत्या द्रव्याचा, ते कुठे आणि किती मात्रेत काम करते, काय अपाय करते, हे सिद्दीकी, वकील, कार्लसन यांच्या कामातून कळले. दोन्ही गोष्टींना आपापली किंमत आहे. आणि ही मुळी किंवा खाजकुइली वाचून कोणी घरी प्रयोग करू नयेत. मात्रा चुकली, तर ज्या पिशव्यांबद्दल वर वाचले, त्या आपल्याच असतात.

शिकायला दिल्ली तशी भाग्याची जागा आहे. एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा करणारे बी. के. आनंद यांनी 1951 साली अमेरिकेत ब्रोबेक यांच्याबरोबर हायपोथॅलॅमसमधले भुकेचे केंद्र दाखवले होते. वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधले ऑतार सिंग पेंटल यांनी फुप्फुसातल्या जे-ग्राहकांचा शोध लावला. दमछाक झाल्यावर श्वास उथळ आणि जलद का होतो, याच्या स्पष्टीकरणात त्यांची जागा आहे. पलीकडे हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. मराठी विद्यार्थ्याने ही नावे परीक्षेपुरती न ठेवता, जमेल तेव्हा त्यांचे मूळ काम वाचावे.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. पहिला भाग पेशीचा, दुसरा मज्जारज्जू आणि मज्जातंतूंचा, तिसरा मेंदूचा, चौथा स्वायत्त मज्जासंस्थेचा, पाचवा आजारांचा. शाळेत चेतासंस्था, चेतापेशी असे शब्द शिकलेल्यांनी गोंधळू नये. इथे बोलीतला मज्जा- वापरला आहे, अर्थ तोच. आकृत्या नुसत्या पाहू नका, स्वतः काढा. वाईट काढलेली आकृतीही चांगल्या छापील आकृतीपेक्षा जास्त शिकवते. 'माणूस मेंदूचा दहाच टक्के वापरतो' किंवा 'डाव्या मेंदूची माणसे, उजव्या मेंदूची माणसे' असली वाक्ये डोक्यात असतील, तर ती दाराबाहेर ठेवून आत या. मेंदूचा कोणताही भाग पडीक नसतो, हे एखाद्या लहानशा भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी दिसते. आणि तो तुटल्याची शंका आली, म्हणजे तोंड वाकडे झाले, एक हात उचलेनासा झाला, बोलणे अडखळले, तर पुस्तक मिटून रुग्णाला ताबडतोब इस्पितळात न्या. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

पहिल्या प्रकरणाआधी एक छोटे काम. उंच खुर्चीवर पाय लोंबते सोडून बसा आणि कोणाला तरी तुमच्या गुडघ्याच्या वाटीखाली हाताच्या कडेने हलकेच ठोकायला सांगा. पाय पुढे उडेल. या वाटेवर एक संवेदी पेशी आहे, एक प्रेरक पेशी आहे, आणि दोघींमध्ये एकच फट. निरोप मांडीतून कमरेकडे जातो आणि मांडीकडेच परततो, हे झाले पहिल्या प्रश्नाचे उत्तर. ती एक फट तो कसा ओलांडतो, हे कागदावर तुमच्या शब्दांत लिहून ठेवा. बरोबर-चूक याची फिकीर नको. पहिले प्रकरण त्याच फटीपासून सुरू होते. ते वाचून झाल्यावर तुमचे उत्तर तुम्हीच दुरुस्त कराल.

करोल बाग, नवी दिल्ली